गावचा लोहार, त्याचा भाता आणि शेवटलेलं खुरपं

शिवारवाट

मृगाच्या पंधरवडाभर आधी आमच्या घरातून एक पोतं निघायचं. आत चार खुरपी, दोन विळे, कुऱ्हाड, कुळवाची पास (आडवं लोखंडी पातं) आणि नांगराचा फाळ. आई म्हणायची, "लोहारतात्याकडं टाकून ये. शेवटायचीत म्हणावं. आणि माझं खुरपं नाकापाशी जरा वाकवाय सांग." पोतं खांद्यावर टाकून मी निघायचो तो संध्याकाळीच घरी. भाता ओढायला पोरं लागायचीच, आणि तिथून पाय निघायचा नाही.

'शेवटणं' हा शब्द आता माझ्या पुतण्याला समजावून सांगावा लागला, म्हणून इथे आधी तोच मांडतो. कानशीनं किंवा दगडावर धार लावताना अवजाराचं लोखंड झिजून जातं. शेवटताना ते जात नाही, सरकतं. बोथट झालेलं तोंड लालभडक तापवायचं, ऐरणीवर ठोकून मागचं लोखंड पुढे आणायचं, पातळ करायचं आणि मग त्याला पाणी द्यायचं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक करायचं. दरवर्षी खुरपं बोटभर आखूड होतं, पण तोंड नवं होतं. आमच्या आजीचं खुरपं असं आखूड होत होत शेवटी माझ्या हातात आलं, कारण तोवर ते लहान पोराच्याच मापाचं उरलं होतं. मी त्यानं भुईमुगात भांगलण केली आहे, म्हणजे तण काढलं आहे.

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. लोहारसाळ वेशीच्या आत, पिंपळाला लागून. कुडाच्या तीन भिंती, वर पत्रा आणि आत भर दुपारी अंधार. गरिबीमुळे खिडकी नसेल असं मला लहानपणी वाटायचं. एकदा तात्यांना विचारलं तर म्हणाले, "उजेडात लोखंडाचा रंग कळत नाय बाळा." लोखंड किती तापलंय हे त्यांना फक्त रंगावरून ओळखायचं असे. काळसर लाल असताना घाव घातला तर चिरतं, नारिंगी झालं की लोण्यासारखं वळतं, पांढरं होऊन ठिणग्या उडवायला लागलं की जळायला आलं. हे सगळं त्या अंधारात दिसायचं.

ऐरण बाभळीच्या बुंध्यात ठोकून बुंधा जमिनीत पुरलेला. तात्या तिच्यापुढे खड्ड्यात पाय सोडून बसत. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडी. समोर त्यांचा भाऊ घण घेऊन उभा. दोघांत बोलणं नसायचं. तात्या हातोडीनं जिथे टिचकी मारतील तिथेच घण पडायचा, आणि हातोडी नुसती ऐरणीवर वाजली की घण थांबायचा. लोखंड गार व्हायच्या आत पाच-सात घाव मिळतात, त्यात बोलायला सवड कुठली?

मला सगळ्यात जास्त आठवतं ते धाव बसवणं. गाडीच्या लाकडी चाकावर चढवायच्या लोखंडी कड्याला आमच्याकडे धाव म्हणतात. सुताराचं काम संपलं की चाक लोहाराकडे येई. तात्या सुतळीनं घेर मोजत आणि धाव मुद्दाम घेरापेक्षा थोडी लहान करत. मग पटांगणात गोवऱ्यांचा गोल रचून त्यात धाव ठेवायची आणि पेटवायचं. गोवऱ्यांची राख पांढरी पडली की चार गडी चार सांडश्या घेऊन धाव उचलत आणि जमिनीवर आडव्या टाकलेल्या चाकावर ठेवत. लाकूड भक्कन पेट घेई. तात्या ओरडत, "हाण! हाण!" हातोडे चहूकडून पडत, धाव खाली बसे, आणि आम्ही पोरं घागरी ओतत सुटायचो. वाफेत चाक दिसेनासं व्हायचं. मग त्या वाफेतून आवाज यायचा कडकड, कडकड. धाव आकसताना एकेक आरा तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यात, घट्ट बसल्याचा तो आवाज. एक खिळा न मारता चाक पुढची कित्येक वर्षं दगडधोंड्यांतून चालायचं.

टायरच्या गाड्या आल्या आणि पहिल्यांदा धावेचं काम गेलं. मोटा आधीच गेल्या होत्या. ट्रॅक्टर आला तसे फाळ गेले, पाभरीचे फण गेले. विळे-खुरपी आणि ऊसतोडीचे कोयते एवढ्यावर तात्यांनी शेवटची वीस वर्षं काढली. गेल्या दिवाळीपासून भाता बंद आहे. ऐरण अजून जमिनीत आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात.

यंदा बाजारातून तीन खुरपी आणली. पत्रा कापून मुठीत बसवलेली. काळ्या रानात पहिल्याच भांगलणीत दोन वाकली. ती घेऊन अकरा किलोमीटरवरच्या लोहाराकडे गेलो. त्यानं एक तापवून पाण्यात बुडवलं, कानस फिरवली आणि परत हातात दिलं. "याला पाणी धरत नाय. ह्यात काय न्हाईच."

चर्चेचा हा धागा काढायचं कारण हेच. अवजार तुटलं तर नवं मिळेल. पण माझी जमीन कशी आहे, माझ्या आईचा हात कसा चालतो, हे ठाऊक असलेला माणूस गावात होता आणि अवजार त्या दोन्हीकडे बघून घडायचं. ते कसं घडायचं हे तुमच्या-तुमच्या भागातून लिहा. शब्द लिहा, आकार लिहा, कोणत्या जमिनीला कसं खुरपं ते लिहा. तात्यांना आता ऐकू कमी येतं. मी रोज थोडं विचारून वहीत उतरवतो आहे.

ढेकूळ

आमच्याकडे विदर्भात कुळवाला वखर म्हणतात आणि तुम्ही ज्याला शेवटणं म्हणता त्याला पाजवणं. "वखराची पास पाजवून आण." पेरणीआधी लोहाराकडे रांग लागायची. ज्याची जमीन आधी वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, आली त्याची पास आधी व्हायची, आणि यावर कधी भांडण झाल्याचं आठवत नाही. कोणाचं रान आधी वाफशावर येतं हे लोहाराला शेतकऱ्याइतकंच माहीत असायचं.

धावेचं वाचून अंगावर काटा आला. तो कडकड आवाज मीही ऐकला आहे.

भट्टीकाठी

माझा व्यवसाय पोलादावर उष्णतेची प्रक्रिया करण्याचा. कारखान्यात आमच्याकडे तापमान दाखवणारी यंत्रं आहेत, पण हे काम मला प्रथम समजलं ते आजोळच्या लोहाराकडे, म्हणून लिहितो.

'पाणी देणं' म्हणजे नुसतं तापवून बुडवणं नव्हे. लोखंडात थोडा कार्बन असेल तरच ते कडक होतं. साध्या पत्र्यात, सळईत तो फार कमी, ०.२ टक्क्यांच्या आसपास. जीप-ट्रकच्या पाट्यांत ०.५ ते ०.६ टक्के असतो. म्हणून लोहार भंगारातून पाटे शोधतात आणि तुमच्या बाजारच्या खुरप्यात 'काय न्हाईच' ठरलं. त्या लोहारानं अगदी बरोबर निदान केलं.

आता पाटा घेतला आणि तापवून एकदम पाण्यात बुडवला, तर तो काचेसारखा होतो. दगडावर पडला की दोन तुकडे. खरी कला इथून पुढे आहे. आमच्या आजोळचा लोहार फक्त धारेकडचं बोटभर बुडवायचा आणि लगेच बाहेर काढायचा. पाठ अजून तापलेलीच असे. मग विटेच्या तुकड्यानं धारेजवळचा भाग घासून चकचकीत करायचा आणि बघत बसायचा. पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या घासलेल्या भागावर रंग चालत येतात. आधी गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, निळा ३०० च्या जवळ. विळ्याला पिवळा-तपकिरी धारेवर आला की अख्खा पाण्यात. कुऱ्हाडीला घाव सोसायचा असतो, तिला आणखी पुढे, जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. पिवळ्यावर थांबवली तर गाठीच्या लाकडात तोंड उडतं, निळ्याच्या पुढे गेली तर वळतं. सगळा खेळ काही क्षणांचा, आणि हे त्याला कुणी अंशांत शिकवलेलं नव्हतं.

धावेचं गणितही करून पाहिलं. साडेचार फुटी चाकाचा घेर चौदा फुटांच्या वर जातो. लोखंड ५०० अंश तापलं की तेवढ्या लांबीत जवळजवळ एक इंच वाढतं. म्हणजे तात्या सुतळीनं जे 'थोडं लहान' करत होते, ते या एका इंचाच्या आतलं. जास्त लहान केली तर धाव चढणार नाही किंवा आकसताना चाकच मोडेल. पुरेशी लहान केली नाही तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर निखळून पडेल.

लेक_लोहाराची

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, आणि तरी वाचताना घशाशी आवंढा आला, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

माझे आजोबा बलुतेदार लोहार होते. बारा बलुतेदारांत सुतार-लोहार थोरल्या ओळीतले, असं अभिमानानं सांगितलं जातं. थोरली ओळ म्हणजे बलुत्यात जास्त पेंढ्या, एवढाच त्याचा अर्थ. वर्षभर गावाची अवजारं करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मालक देईल ते घ्यायचं. पीक बुडालं की शेतकऱ्याच्या आधी आमची चूल विझायची, कारण त्याच्याकडे निदान पेवातलं मागचं तरी धान्य असे. आजीनं हे मला सांगितलंय. १९७२ च्या दुष्काळात गावानं बलुतं दिलं नाही आणि आजोबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेले. दिवसा खडी फोडायची आणि रात्री त्याच कामावरच्या मजुरांच्या पहारी, टिकाव शेवटून द्यायचे.

आणि अंधार! त्या अंधारात आयुष्यभर विस्तवाकडे बघून आजोबांची नजर साठीच्या आधी गेली. दंडावर ठिणग्यांचे काळे डाग, गुडघ्यात कायमचा बाक. वडिलांना त्यांनी भात्याजवळ येऊ दिलं नाही. मारून शाळेत धाडलं. मी शिकले ती त्यामुळे.

त्यामुळे "लोहार गेला" असं कुणी हळहळून म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, तो गेला की त्यानं सुटका करून घेतली? कोणतं खुरपं कोणत्या मातीला हे जरूर लिहून ठेवा. त्या माणसाला काय मिळालं तेही त्याच वहीत लिहा.

शिवारवाट

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या वहीत हे पान नव्हतं. मी काल तात्यांना विचारलं, "बलुतं किती यायचं?" बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझा आजा देत होता." म्हणजे बाकीचे सगळे देत नव्हते. इतकी वर्षं त्यांच्याकडे बसलो आणि हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. आमच्या पोत्यातून अवजारं जायची हे आठवतं. पोत्याबरोबर काय जायचं ते आठवत नाही.

मूळ लेखात मी जे 'तो माणूस गावात होता' असं लिहिलं, ते गावाच्या सोयीनं लिहिलं. ते तसंच ठेवतो, पण त्याच्याखाली तुमचा प्रतिसाद असल्याशिवाय ते वाचू नये.

पेंचकाठ

वरच्या दोघांच्या बोलण्यात भर म्हणून थोडं मागे जातो. हे काम आपल्या भागात किती जुनं आहे याची मला कल्पना नव्हती, ती नाइकुंडला गेल्यावर आली.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नाइकुंड आहे. १९७८ ते १९८० या काळात तिथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. महापाषाणीय लोकांची, म्हणजे दगडांची वर्तुळं रचून मृतांना पुरणाऱ्या लोकांची ही वस्ती. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली. आकारानं लहान, मातीच्या वक्र विटांची. भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडे आणि लोहकीटही (लोखंड गाळून उरलेला मळ) मिळालं. काळ साधारण इसवी सनपूर्व सातवं शतक. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या दगडी वर्तुळांतही लोखंडी वस्तू मिळाल्या आहेत. त्यांत सपाट कुऱ्हाडी आहेत, आणि कुऱ्हाड दांड्याला धरून ठेवायला फुलीसारख्या आवळलेल्या लोखंडी पट्ट्या.

ती पट्टी तापवून आवळली की गार होताना आणखी घट्ट बसत असणार. धावेचंच तत्त्व. हा माझा अंदाज आहे, पण ती कुऱ्हाड पाहिली की दुसरं काही मनात येत नाही.

गाळणारे आणि घडवणारे पुढे वेगळे झाले. सह्याद्रीत जांभ्या दगडातून लोखंड काढणाऱ्यांना धावड म्हणत. महाबळेश्वरच्या रानात त्यांच्या भट्ट्या होत्या. कोळशासाठी झाडं तुटतात म्हणून इंग्रजी अमदानीत तिथलं गाळप बंद पाडलं गेलं. तोवर विलायतेचं लोखंड पट्ट्या-सळ्यांच्या रूपात स्वस्तात यायला लागलंच होतं. तेव्हापासून गावचा लोहार बाजारच्या लोखंडावर आला.

डावखुरी

मी इथे फारशी लिहीत नाही. पण कुणीतरी हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

मी डावरी आहे. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाला पाडलेले असतात. उजव्या हातात धरला की दात्यांची बाजू बरोबर बसते आणि ज्वारीचं ताट सरकन कापलं जातं. तोच डाव्या हातात धरला की दाते उलटे पडतात, विळा ताटावरून घसरतो आणि थेट दुसऱ्या हाताच्या बोटांवर येतो. माझ्या उजव्या करंगळीवर त्याची खूण आहे. माहेरी ज्वारीच्या काढणीला सगळ्याजणी पाती धरून पुढे जायच्या आणि मी मागे राहायची. कामचुकार म्हणून बोलणी खायची.

आमच्या लोहाराची बायको एकदा पाणी भरताना बघत होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "पोरीला घेऊन या." लोहारकाकांनी माझ्या हातात कोळसा दिला आणि ऐरणीवर रेघा ओढायला लावल्या. नुसतं बघितलं मी कशी ओढते ते. मग पोटाकडचे दाते दुसऱ्या अंगाला पाडले, शेपूट, म्हणजे मुठीत जाणारं टोक, उलट वळवून मूठ बसवली. संध्याकाळी विळा हातात. त्या सुगीला मी सगळ्यांच्या पुढे होते. लग्नात तो विळा बरोबर आणला. सासरी पहिल्यांदा सगळे हसले, मग माझी डावरी नणंद तो मागून नेऊ लागली.

तो विळा तीन वर्षांपूर्वी मोडला. बाजारात डावा विळा मिळत नाही. मी विचारलं की दुकानदाराला वाटतं मी चेष्टा करते.

ढेकूळ

डावखुरीताई, हे वाचून मी घरातला विळा काढून पाहिला. इतकी वर्षं वापरतोय, दाते एकाच बाजूला आहेत हे आज कळलं.

पाल_आणि_रस्ता

घिसाड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. गावचा लोहार वेगळा आणि पाल ठोकून राहणारा घिसाडी वेगळा. आमच्या तालुक्याच्या रस्त्याला ऊसतोडीच्या आधी दहा-बारा पालं पडतात. दिवसभर कोयते होतात. बाईच्या हातात घण आणि पुरुषाच्या हातात सांडशी, हे तिथे नेहमीचं दृश्य. पाठीला झोळीत मूल आणि वर घण, हेही पाहिलं आहे. वर कुणीतरी भावानं घण मारल्याचं लिहिलंय. इथे ते काम बाई करते आणि तिचं नाव कुठल्याच वहीत येत नाही.

महाराष्ट्रात ही जमात भटक्या जमातींच्या यादीत आहे. मूळ सांगतात ते राजस्थानचं. तिकडच्या गाडिया लोहारांची कथा प्रसिद्ध आहे. १५६८ मध्ये चित्तोड पडलं तेव्हा त्यांनी शपथ घेतली म्हणतात की गड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, खाटेवर झोपणार नाही. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभानं चित्तोडच्या किल्ल्यात नेलं. शपथ सुटली, पण आमच्या रस्त्यावरची पालं अजून पालंच आहेत. जागेचा कागद नाही. कागद नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पोरांची शाळा अडते.

मी त्यांच्याकडूनच कोयते घेतो. मोल करत नाही. हे उपकाराचं समजू नका, त्यांचा कोयता दोन हंगाम जातो आणि बाजारचा दिवाळी ते संक्रांत.

चाकोरी

पेंचकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. लोहाराचं काम ट्रॅक्टरनं गेलं असं आपण म्हणतो, पण पहिला बदल त्याच्या फार आधीचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन नासेल या भीतीनं शेतकरी तो घेत नव्हते. १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तोच नांगर गावोगाव गेला. लाकडी नांगराचं फक्त तोंड लोखंडाचं, ते गावचा लोहार करायचा. लोखंडी नांगराचे सुटे भाग कारखान्यातून यायला लागले. आमच्या पणजोबांच्या चोपडीत 'नांगराचे फाळ, लोहार' ही नोंद एका सालानंतर येतच नाही. 'विळे, लोहार' मात्र शेवटपर्यंत आहे.

भट्टीकाठी

एक व्यवहाराचं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत लोहार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. ज्यांच्या ओळखीत हे काम करणारं कुणी असेल त्यांनी फॉर्म भरायला सोबत जावं. वय झालेल्या माणसाला ते एकट्यानं जमत नाही.

आणि भट्टी पुन्हा पेटवणारच असाल तर धुराडं उंच करा, हातानं फिरवायचा पंखा किंवा विजेचा ब्लोअर लावा आणि डोळ्यांना भट्टीच्या झळीपासून वाचवणारा संरक्षक चष्मा. लेक_लोहाराची यांनी नजरेचं लिहिलं, ते मनातून जात नाही. रंग ओळखायला सावली पुरते, काळोखच हवा असं नाही.

लेक_लोहाराची

डावखुरीताईंचा प्रतिसाद मी आजोबांना वाचून दाखवला. दिसत नाही, पण ऐकू स्वच्छ येतं. ऐकताना उजवा हात मांडीवर हलत होता. मग म्हणाले, "दाते पाडून शेपूट वळवलं हे ठीक, पण मुठीचा कोन सांगितला नाही तिनं. त्याशिवाय मनगट दुखणार."

आणि मग बोलतच राहिले. काळ्या चिकट रानाला खुरपं अरुंद आणि लांब नाकाचं, म्हणजे माती चिकटून बसत नाही. मुरमाड रानाला आखूड आणि जाड. भाजीच्या वाफ्यात पुढचं टोक वाकवलेलं, म्हणजे रोपाच्या बुडाला लागत नाही. कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद सांधायचं तर टाकणखार (बोरॅक्स) टाकून, आणि ठिणगी ताऱ्यासारखी फुटायला लागली की लगेच पहिला घाव हलका मारायचा, जोरात नाही. जोरात मारला तर सांधा उघडतो. हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, "इतके दिवस का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तुम्हाला यातून बाहेर काढायचं होतं ना."

मला माझ्या पहिल्या प्रतिसादातलं काहीही मागे घ्यायचं नाही. पण मी रेकॉर्ड करायला लागले आहे.

शिवारवाट

ताई, टाकणखाराचं आणि पहिल्या हलक्या घावाचं मी तात्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बोटानं हवेत तसाच एक हलका घाव घातला.

आईनं नाकापाशी वाकवाय का सांगितलं होतं तेही आज कळलं. ती पावट्याच्या वाफ्यात भांगलायची.

डावखुरी

आजोबांना नमस्कार सांगा. मुठीचा कोन मला सांगता येत नाही, पण तो विळा धरला की मनगट सरळ राहायचं, वाकायचं नाही, एवढं आठवतं.

लेक_लोहाराची

सांगितलं. "सरळ म्हणजे बरोबर केला होता," म्हणाले.

त्यांचा पुतण्या शेजारच्या गावात अजून भाता चालवतो. आजोबा त्याच्याजवळ बसून सांगतील, तो घडवेल. मजुरी पुतण्या सांगेल तीच, मी मध्ये पडणार नाही. डावा हात कागदावर ठेवून बोटं मिटून मूठ करा आणि भोवतीनं पेन्सिल फिरवा. मनगटापासून कोपरापर्यंतचं अंतर सुतळीनं मोजा, त्या सुतळीला गाठ मारा आणि कागदाबरोबर पाठवा. आकड्यात लिहू नका, त्यांना सुतळीच लागते. नणंदेचंही माप पाठवा.